मुलांच्या हातून घडावयाचे दान



आपल्या संघाची वार्षिक स्मरणिका हाती आली म्हणजे आपण सारेच प्रथम छायाचित्रांची पाने उघडतो, हे मान्य करावयास संकोच नसावा. ताळेबंद मागाहून पाहिला जातो आणि लेख तर पुष्कळदा सवडीवर टाकले जातात. त्या छायाचित्रांत एक दृश्य दरवर्षी ठरलेले असते. व्यासपीठावर एखाद्या सभासदाचे लहान मूल नवे कपडे घालून उभे. त्याच्या हातात वह्यांचा गठ्ठा. समोर हात पुढे केलेला दुसरा एक मुलगा. आणि दोघांचीही तोंडे छायाचित्रकाराकडे वळविलेली. खाली ओळ असते ती अमुक सभासदांच्या चिरंजीवांच्या हस्ते गरजू विद्यार्थ्यांस वह्यावाटप झाल्याची. हे चित्र पाहून आपणांस समाधान वाटते. मुलावर लहानपणीच दानाचा संस्कार झाला, असे आपण म्हणतो. आम्हीही अनेक वर्षे असेच म्हणत आलो. आज मात्र त्या समाधानाविषयीच चार शब्द लिहावेत असे वाटते. कारण असा संस्कार करू जाता मुलाच्या पदरी काय पडते, हे आम्ही आमच्या घरीच पाहिले.

प्रसंग लहानसाच आहे. आमची भुसार मालाची पेढी. पेढीवर पोती वाहणारे एक गृहस्थ गेली अनेक वर्षे कामास आहेत. त्यांचा मुलगा आणि आमचा नातू हे दोघे एकाच मराठी शाळेत, तिसरीच्या एकाच वर्गात. शाळा सुटली की दोघांनी मिळून पेढीवर यावयाचे, रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर चढावयाचे, सांडलेली तूर वेचून कबुतरांस टाकावयाची, असा त्यांचा नित्यक्रम होता. एका जून महिन्यात वह्यावाटपाचा समारंभ झाला आणि आम्ही मोठ्या हौसेने नातवास व्यासपीठावर उभे केले. नावे पुकारली जात होती. पाचवे की सहावे नाव त्याच्या त्या सोबत्याचे निघाले. मुलगा वर आला, वह्या घेतल्या, सांगून ठेविल्याप्रमाणे वाकून नमस्कार केला आणि खाली गेला. नमस्कार कोणास केला? आपल्याच वयाच्या, आपल्याच बाकावर बसणाऱ्या मुलास.

दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा पेढीवर येईनासा झाला. आठदहा दिवस गेल्यावर नातवाने विचारले, "आज्जा, तो माझ्याशी बोलत का नाही? मी त्याला वह्या दिल्या की!"

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. किंबहुना, त्या वाक्यातील 'मी' हा शब्द ऐकून आम्ही दचकलो. वह्या त्याने दिल्या नव्हत्या. त्या संघाने दिल्या होत्या आणि संघास वर्गणी आम्ही दिली होती. मुलाचे स्वतःचे असे त्यात काहीच गेले नव्हते. उलट त्यास फुकटचे मोठेपण मिळाले होते. आणि ज्यास वह्या मिळाल्या त्याच्याजवळून मात्र बरोबरीचे नाते हिरावले गेले होते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर हा व्यवहार दोन्ही बाजूंनी तोट्याचा झाला, आणि तो आम्ही जमेच्या बाजूस लिहून ठेविला होता.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. संघाने वह्या देऊ नयेत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. द्याव्यात, अधिक द्याव्यात. दान हे आपल्या पेठेचे भूषण आहे आणि ते तसेच राहावे. आमचे म्हणणे एवढेच की मोठ्यांनी दान करणे आणि लहानांस दया शिकविणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिले काम वर्गणीने भागते. दुसरे वर्गणीने भागत नाही. इतकेच नव्हे, तर वर्गणीचा डामडौल मुलासमोर मांडला असता ते बिघडते.

मुलांस दया मुळापासून शिकवावी लागते, ही आपली समजूतच प्रथम तपासून पाहावयास हवी. जर्मनीतील लाइपझिग शहरी मॅक्स प्लँक संस्थेत फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी 18 महिन्यांच्या मुलांवर काही प्रयोग केले आणि ते 2006 मध्ये प्रसिद्ध केले. प्रयोग करणारा माणूस कपडे वाळत घालताना चिमटा खाली पाडी आणि तो उचलता येत नाही असे दाखवी. किंवा दोन्ही हातांत ओझे घेऊन बंद कपाटाशी अडखळे. मुलास कोणी काही सांगत नसे, शाबासकीही देत नसे. तरी बहुतेक मुले आपण होऊन पुढे येत, चिमटा उचलून देत, कपाटाचे दार उघडून देत. ज्या वयात बोलणेही नीट फुटलेले नसते, त्या वयात साहाय्याची ऊर्मी मुलामध्ये असते. याच दोघांनी 2008 मध्ये दुसरा एक प्रयोग प्रसिद्ध केला. 20 महिन्यांच्या काही मुलांस प्रत्येक मदतीबद्दल बक्षीस दिले गेले, काहींस दिले गेले नाही. पुढे बक्षीस बंद झाल्यावर असे दिसून आले की ज्यांस ते मिळत होते ती मुले इतरांहून मदतीस कमी धावली. म्हणजे मोबदल्याने चांगुलपणा वाढला नाही. तो मोबदल्यास बांधला गेला.

हे वाचल्यावर आम्हांस आमचेच घर आठवले. दोनतीन वर्षांचे मूल केरसुणी उचलून झाडू लागते, तांदूळ निवडणाऱ्या आजीच्या सुपात हात घालते, पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरून पाहुण्यांकडे निघते. आपण काय म्हणतो? "ठेव ते खाली, सांडशील." सांडेल हे खरे, पण सांडलेले पाणी पुसता येते. मागे फिरविलेली ऊर्मी परत येईलच असे नाही. पुढे तेच मूल दहा वर्षांचे झाले म्हणजे आपण तक्रार करतो की हा घरात काडी हलवीत नाही; आणि मग कामास लावण्यासाठी चॉकलेटाचे, पैशाचे आमिष दाखवितो. आधी फुकट मिळत होते ते नाकारावयाचे आणि मागाहून तेच विकत घ्यावयाचे, असा सौदा आपण पेढीवर कधी केला असता काय?

मग मुलाने काय द्यावे? त्याच्यापाशी द्रव्य नाही, धान्य नाही. याचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान ही चार दाने आपण सारे पाठशाळेत पाठ म्हणून शिकलो. पैकी पहिल्या तिहींस घरच्या मोठ्यांचा पैसा लागतो. चौथ्यास दमडीही लागत नाही. आपल्यापासून दुसऱ्या जिवास भय वाटू नये, ही हमी देणे म्हणजे अभयदान. आणि ही हमी पाच वर्षांचे मूलही पूर्णपणे स्वतःच्या मालकीची म्हणून देऊ शकते. गल्लीतल्या कुत्र्याच्या पिल्लास दगड न मारणे हे अभयदान आहे. वर्गात अडखळत वाचणाऱ्या मुलास न हसणे, नव्याने आलेल्या मुलास खेळात घेणे, आपल्या हातून पाटी फुटली असता दुसऱ्याचे नाव न सांगणे, हीदेखील अभयदानेच होत. यांचे छायाचित्र निघत नाही. परंतु ज्यास ती मिळतात तो मुलगा घरी जाऊन सुखाने जेवतो, हे कोणीही आपल्या बालपणावरून ताडून पाहावे. आमच्या नातवाच्या प्रसंगाचे वर्मही येथेच आहे. आम्ही त्याच्या हस्ते एका मुलास वह्या दिल्या आणि त्याच हाताने त्या मुलाचे अभय काढून घेतले.

द्रव्याखेरीज मुलापाशी दुसरी वस्तू असते ती हातपाय. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. त्या पुस्तकात ओझे खाली पडून खोळंबलेल्या, त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवून देण्यास आई श्यामला पाठविते. ती त्याच्या हाती पैसा देऊन पाठवीत नाही, त्याचे हातच कामास लाविते. म्हातारीची अडचण पैशाची नव्हती, तिला त्या क्षणी दोन हात हवे होते. समोरच्यास नेमके काय हवे आहे हे ओळखणे हीच दयेची पहिली इयत्ता आहे, आणि मोठी माणसे पुष्कळदा तीच इयत्ता गाळून पुढे गेलेली असतात.

याचा अनुभव आम्हांस 2019 च्या ऑगस्टमध्ये आला. त्या महिन्यात कृष्णा, पंचगंगा, घटप्रभा, मलप्रभा या नद्यांच्या महापुराने कोल्हापूर, सांगली आणि आपला बेळगाव जिल्हा यांची काय दशा झाली ते सांगावयास नको. पेठेतील पुष्कळांनी आपापल्या वखारी उघडल्या. आमच्या वखारीतही तांदूळ, तूरडाळ, गोडेतेल असे शिधे बांधण्याचे काम चालू होते आणि शेजारची पाचसात मुले पिशव्यांची तोंडे धरून उभी होती. त्यांतील एका लहान मुलीने विचारले, "काका, त्यांची चूल भिजली असेल की! मग हे तांदूळ शिजवायचे कशावर?" आम्ही सारे भुसार व्यापारात केस पांढरे केलेले, तांदळाची प्रत चिमटीत धरून सांगणारे. पण हा प्रश्न आम्हांपैकी एकासही सुचला नव्हता. त्यानंतर पहिल्या गाड्यांतून आम्ही चुरमुरे, फुटाणे, बिस्किटे आणि पिण्याचे पाणी पाठविले. शिधा पाणी ओसरल्यावर गेला. त्या मुलीने एक पैसाही दिला नव्हता. तिने स्वतःस त्या भिजलेल्या घरात नेऊन बसविले होते. आमच्या मते त्या दिवशीचे सर्वांत मोठे दान तिचेच होय.

दानातून कोणी मोठा आणि कोणी लहान होऊ नये, हा विचार आपल्या भागात नवा नाही. निपाणीजवळच्या स्तवनिधी क्षेत्री 1899 मध्ये दक्षिण भारत जैन सभेची स्थापना झाली. त्या पिढीने शिक्षणाचा ध्यास घेतला, खेड्यांतील मुलांसाठी शहरांत बोर्डिंगे काढली, आणि आपल्या वडिलांच्या पिढीतील कितीतरी माणसे त्यांत राहून शिकली. याच समाजात, कुंभोज येथे 1887 मध्ये, कर्मवीर भाऊराव पाटील जन्मले. त्यांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. भाऊरावांस व्यापार परका नव्हता; ओगल्यांची काच आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्ताने ते गावोगाव हिंडले होते. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही, मोडले.

पण आज आम्हांस त्यांची आठवण होते ती दोन गोष्टींसाठी. एक, त्या वसतिगृहात मुले स्वतः राबत, एकत्र रांधीत आणि एका पंक्तीस जेवीत. त्यामुळे घेणारा हा केवळ घेणारा राहात नसे. दुसरी गोष्ट मुष्टिफंडाची. घरोघर रोज मूठभर धान्य बाजूस काढावयाचे आणि ते वसतिगृहातील मुलांसाठी द्यावयाचे, अशी ती योजना होती. मुठी एका ढिगात पडल्या म्हणजे कोणती मूठ वाड्यातली आणि कोणती झोपडीतली हे सांगता येत नाही. देणाऱ्याचे नाव नाही, घेणाऱ्याची मान खाली नाही.

आता यावर आपल्यापैकी काहीजण एक आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. ते म्हणतील, मुलांस उद्या गादीवर बसावयाचे आहे; फार दयाळू केलेत तर उधारी बुडवून बसतील. या आक्षेपास आमचे उत्तर असे. दया म्हणजे हिशेब सोडणे नव्हे. वसुलीस गेलेल्या माणसाने ऋणकोच्या दारात चारचौघांत आवाज चढविला काय, की त्यास बाजूस घेऊन हप्ते बांधून दिले, यात रकमेचा फरक पडत नाही, माणुसकीचा पडतो. आणि पेठेत ज्यांचे नाव दोनतीन पिढ्या टिकले, त्यांच्या वह्या काटेकोर होत्या आणि जिभा गोड होत्या, हे आपण सर्वजण जाणतो. मुलास दोन्ही शिकवावीत. काटा खरा धरणे हीसुद्धा दयाच आहे. कारण पाव किलो डाळ नेणाऱ्या बाईस पाच ग्रॅमची मारही लागते.

म्हणूनच या शिक्षणाची खरी शाळा कोठे असेल तर ती आपली पेढी होय. मूल गादीच्या कडेस बसून चित्रे रंगवीत असते असे आपणांस वाटते. वस्तुतः ते ऐकत असते. पन्नास किलोचे पोते पाठीवर घेतलेल्या माणसास आपण 'अरे ए' म्हणून हाक मारतो की नावाने, पाण्याचा पेला त्यास आधी देतो की आपण आधी घेतो, चुकून जास्त आलेली नोट गिऱ्हाईकास परत बोलावून देतो की गल्ल्यात सरकवितो, दुपारी आलेल्या विक्रेत्याच्या पोरास उन्हात उभे ठेवितो की सावलीत बसवितो, हे सारे ते टिपून घेत असते. पर्युषणात आपण सर्व जिवांची क्षमा मागतो. त्यात पेढीवरच्या माणसांची क्षमा, त्यांच्या तोंडाकडे पाहून, आपल्या मुलांदेखत मागितल्याचे आम्हांपैकी कितीजणांस आठवते? आम्हांस पुष्कळ वर्षे आठवत नव्हते.

नुसता दोष दाखवून थांबणे व्यापाऱ्यास शोभत नाही. म्हणून संघापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवितो.

पहिली सूचना अशी की वह्यावाटपाचे व्यासपीठ बंद करावे. वह्या शाळा उघडण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडे पोचवाव्यात आणि वर्गात सर्वांस एकसारख्या मिळाव्यात. ज्यांस ऐपत आहे त्यांनी आपल्या मुलाच्या वह्यांची किंमत गुपचूप संघाकडे भरावी. याच्याच जोडीस वापरलेल्या पुस्तकांचे एक कपाट ठेवावे. त्यात सभासदांच्या मुलांनी आपली पुस्तके नीट कव्हर घालून ठेवावीत आणि पुढच्या इयत्तेची त्याच कपाटातून घ्यावीत. देणारे आणि घेणारे तेच असले म्हणजे कोणास लाज वाटावयाचे कारण उरत नाही.

दुसरी सूचना मुठीची आहे. प्रत्येक घरी एक बरणी ठेवावी आणि घरातील सर्वांत लहान मुलाने रोज जेवावयास बसण्यापूर्वी तीत मूठभर तांदूळ टाकावेत. आम्ही आमच्या नातवाची मूठ काट्यावर तोलून पाहिली. ती 25 ग्रॅम भरली. वर्षाच्या 365 दिवसांचे 9 किलो 125 ग्रॅम होतात. अशी 100 घरे झाली तर 9 क्विंटलांहून अधिक धान्य जमते. रक्कम म्हणून हे आपल्या पेठेस काहीच नव्हे. परंतु 365 वेळा त्या मुलाने जेवणाआधी दुसऱ्या कोणाच्या ताटाची आठवण केलेली असेल, आणि ते कोणत्याही ताळेबंदात मावणारे नाही.

तिसरी सूचना, महिन्यातून एक दुपार मुलांच्या हातांस काम द्यावे. उन्हाळ्यात पाखरांसाठी परळांत पाणी ठेवणे, वाचनालयातील फाटकी पुस्तके चिकटविणे, दृष्टी अधू झालेल्या शेजारच्या आजोबांस वर्तमानपत्र वाचून दाखविणे, पांजरपोळात जनावरांस चारा घालणे, असे काहीही असो. यात सभासदांची मुले आणि पेढ्यांवर काम करणाऱ्यांची मुले मिळून असावीत. बक्षीस असू नये, आणि छायाचित्रही असू नये.

आता त्या दोन मुलांचे काय झाले ते सांगून लेख पुरा करतो. आम्ही नातवास सोबत्याची समजूत घालण्यास पाठविले नाही. तसे केले असते तर तो पुन्हा काहीतरी देण्यासच गेला असता. त्यास भोवरा फिरविता येत नव्हता, आणि त्या सोबत्याचा भोवरा हातावरही फिरे. आम्ही म्हणालो, "त्याला विचार, शिकवशील का म्हणून." दोन दिवस संकोचात गेले. तिसऱ्या दिवशी वखारीच्या दारात भोवरा गरगरल्याचा आवाज आला. शिकविणारा मोठ्या आवाजात चुका काढीत होता आणि आमचा नातू निमूट ऐकून घेत होता. पूर्वीची मैत्री पूर्णपणे परतली असे आम्ही म्हणणार नाही. वह्यांच्या त्या दिवसाची आठवण त्या मुलाच्या नजरेत अधूनमधून दिसते, आणि त्याचे देणे आमच्या नावावर आहे. परंतु देण्याइतकेच घेणेही शिकावे लागते, आणि ज्याच्याकडून आपण काही घेतले त्याच्याकडे वरून पाहता येत नाही, एवढे त्या भोवऱ्याने आम्हां दोघांस, नातवास आणि आज्जास, शिकविले.

पुढील वर्षीच्या स्मरणिकेत वह्यावाटपाचे छायाचित्र नसले तर ते पान कोरे राहील, अशी चिंता संपादक मंडळाने करू नये. त्या जागी केवळ एक आकडा छापावा: मुलांच्या मुठींनी वर्षभरात किती धान्य जमले. खाली कोणाचेही नाव नसावे. एवढी विनंती करून आम्ही सर्व बंधुभगिनींची रजा घेतो.